सहादेव न्हाव्याची साक्ष

डॉक्टर सालोमोनचा डावा गाल करून झाला होता. सहादेवने वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला, ब्रश वाटीत पुन्हा घोळवला आणि म्हाताऱ्याची हनुवटी दोन बोटांनी हलकेच वळवली. तेवढ्यात त्याच्या मनगटावर एक हात पडला.

चार नंबरच्या बराकीचा पुढारी क्राउझे मागे उभा होता. उंच, गोरापान, खाकी अर्ध्या चड्डीला कडक इस्त्री. लढाई सुरू व्हायच्या आधी तो मुंबईत यंत्रं विकायचा.

"इसका नहीं," तो म्हणाला. "आज से इसका नहीं."

सहादेवला वाटलं, साहेबाला घाई असेल, आधी त्याची करायची असेल. तो म्हणाला, "साब, एकच बाजू बाकी है."

क्राउझेने व्हरांड्याच्या पायऱ्यांकडे नुसतं पाहिलं. तिथे पंधरा-वीस जण पाळीची वाट बघत बसले होते. ते एकदम उठले आणि पाठ फिरवून उभे राहिले. त्यातले दोघे-तिघे जरा उशिरा उठले, पण उठले.

"इसका करेगा तो हमारा कोई नहीं बैठेगा. समझा?"

सहादेवचा हात पुन्हा त्या गालाकडे गेला नाही. त्याने पातं फडक्याला पुसलं.  डॉक्टरने खुर्चीवरचा पंचा डाव्या हाताने उचलला, उरलेला फेस स्वतःच पुसला आणि तो उठला. "शुक्रिया," तो म्हणाला. दाढी झाल्यावर तो नेहमीच म्हणायचा. मग एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरे खुंट असलेला चेहरा घेऊन तो बराकीत निघून गेला. पुढचा माणूस खुर्चीत बसला. सहादेवने त्याची दाढी केली, नंतर त्याच्या पुढच्याची.

सहादेव बिडवे मूळचा पारनेरकडचा. गावात बापाचं बलुतं होतं, पण भावाभावांत गिऱ्हाइकांची घरं वाटली गेली तेव्हा धाकट्याच्या वाट्याला पोटापुरती घरं राहिली नाहीत. विशीतच धोकटी काखेत मारून तो नगरला आला, भिंगारला खोली घेतली आणि छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांच्या दाढ्या करू लागला. हात हलका होता आणि तोंड बंद. साहेबलोकांना न्हाव्यात हे दोनच गुण लागतात. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

एकोणचाळीस सालच्या भादव्यात विलायतेकडे लढाई पेटली आणि दौंड रस्त्यावरच्या घोडदळाच्या जुन्या बराकींभोवती तारेचं कुंपण उभं राहिलं. मुंबई, कलकत्ता, मद्रास, जिथून मिळाले तिथून जर्मन माणसं धरून आणली. व्यापारी, इंजिनिअर, पाद्री, वाजंत्री. सरकारने फक्त पासपोर्ट पाहिला. जर्मनीतल्या हुकूमशहाच्या तसबिरीला सलाम ठोकणारे आणि त्याच हुकूमशहाच्या धाकाने जीव घेऊन पळालेले, दोन्ही एकाच ट्रकमधून आले आणि एकाच बराकीत खाट लावून निजू लागले. कैद्यांना धारेची वस्तू जवळ ठेवायची बंदी होती. म्हणून बाहेरचा न्हावी लागला. सहादेवला पितळी बिल्ला मिळाला आणि तीन व चार नंबरच्या बराकी मिळाल्या. चांगुणाने, त्याच्या बायकोने, त्या बिल्ल्याला हळदकुंकू लावलं.

छावणीच्या दवाखान्यात इसहाक कंपाउंडर होता. तोही सहादेवच्याच गावचा, महारवाड्यातला. मोठ्या दुष्काळात त्याचा आजा ख्रिस्ती झाला होता. इसहाक नगरच्या मिशनशाळेत मॅट्रिकपर्यंत शिकला, इंग्रजी फाडफाड बोलायचा. दोघं एका वयाचे. दुपारी फाटकाजवळच्या लिंबाखाली दोघं आपापली भाकरी सोडून बसत. मध्ये हातभर जागा असे. ती कुणी ठरवली नव्हती, दोघांच्या अंगवळणी पडली होती.

त्या दुपारी सहादेवने सकाळचं सगळं सांगितलं.

"शलमोनसाहेबाची व्हय?" इसहाक म्हणाला. सालोमोनला तो शलमोनच म्हणे.

"त्यो तुमच्यातलाच ना? किरिस्ताव?"

"न्हाई. ज्यू हाय. नाव आमच्या जुन्या करारातलं."

"मंग त्या लांब्याचं काय खाल्लं त्यानं?"

"काय न्हाई. ज्यू हाय, येवढंच."

"गोरा तर हाय की."

"गोऱ्यात बी आसतं." इसहाकने कांदा फोडला. "अर्धी तशीच सोडलीस?"

"मंग काय करू? समदी उठून हुबी ऱ्हायली. उद्या कुनीच बसलं न्हाई तर मी काय बराकीच्या भिंतींची करू?"

इसहाकने कांद्याची एक फोड तोंडात टाकली. मग म्हणाला, "तुझ्या आज्ज्यानं माझ्या आज्ज्याची कवा केली हुती का रं?"

"ती रीत हाय. गावाची."

"ही त्यांच्या गावाची."

हे तो रागाने म्हणाला नाही. मांडीवरचा चुरा झटकून तो दवाखान्यात निघून गेला. सहादेवला मात्र भाकरी संपवता आली नाही. आपण गोऱ्या सोल्जराच्या दाढीला बिनदिक्कत हात लावतो, बीफ खाणाऱ्याच्या ओठाखालून वस्तरा फिरवतो आणि ह्या इसहाकच्या हनुवटीला जन्मात हात लावलेला नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचा कधी विचार केला नव्हता, इतकंच.

आठवड्याभराने सहादेवच्या अंगठ्याला वस्तरा लागला. तो दवाखान्यात पट्टी बांधायला गेला तर स्टुलावर डॉक्टर सालोमोन बसलेला. दोन्ही गाल आता सारखेच वाढले होते. सहादेव दारातच थबकला. म्हाताऱ्याने मान हलवून त्याला आत यायची खूण केली आणि स्वतः सरकून जागा दिली. त्याचा उजवा हात मांडीवर होता. मधली दोन बोटं वाकडी जुळलेली, तळव्याकडे वळलेली. तो डोळ्यांचा डॉक्टर होता हे सहादेव ऐकून होता. ह्या हाताने तो कुणाचा डोळा उघडणार होता, आणि वस्तरा मिळाला असता तरी कसा धरणार होता?

"हाताला काय झालं त्येच्या?" त्याने इसहाकला हळूच विचारलं.

इसहाकने इंग्रजीत विचारलं. म्हातारा सहादेवकडे बघत सावकाश बोलू लागला. इसहाक अंगठ्यावर औषध लावता लावता सांगत होता.

"त्यो म्हनतो, त्याच्या गावाला त्याचा एक न्हावी हुता. सोळा वर्सं त्याच्याकडंच जायाचा. मागल्या लढाईत दोगं एकाच पलटनीत हुते. लढाई हारली. मंग नोटांची रद्दी झाली. पोतं भरून नोटा न्ह्यायच्या आन एक पाव आनायचा. मानसं बिनकामाची रस्त्यानं हिंडायला लागली. तवा एक जन हुबा ऱ्हायला आन म्हनला, तुमची कायबी चूक न्हाई, हे समदं ज्यूंनी केलं."

"आन लोकांनी मानलं?"

इसहाकने विचारलं. म्हातारा हसला. त्याला खोकला आला.

"म्हनतो, थोड्यांनी मानलं. बाकीच्यांना कामं मिळाली. रस्ते झाले, तोफांचे कारखाने चालू झाले, पोरं गनवेश घालून कवायत करायला लागली. ज्यांनी मानलं न्हाई ते म्हनले, जाऊ द्या, चार दिसाचं हाय. गिरन्यांचे मालक म्हनले, बोलतोय लई, पर संप मोडतो, कामाचा मानूस हाय. शेजारच्या देशांचे राजे बी तेच म्हनले, ह्याला येक तुकडा दिला की गप बसंल. आन तोफा येकदा केल्या की त्या काय कोठारात ठिवायच्या आसत्यात व्हय?"

"आन न्हावी?" सहादेवने विचारलं.

"न्हाव्याच्या दुकानावर कागद लागला. ज्यूंना बंदी. न्हावी म्हनला, डॉक्टर, मागल्या दारानं येत जावा. हा म्हयनाभर मागल्या दारानं गेला. मंग न्हावी म्हनला, मागल्या दारानं बी नगा येऊ, शेजारी बघत्यात. रडला म्हनं सांगताना. पुढं ह्याला धरून नेलं. दोन म्हयने ठिवलं. हाताचं तवा झालं."

अंगठ्याची पट्टी बांधून झाली होती. सहादेव उठला नाही. बराच वेळ तो त्या वाकड्या बोटांकडे बघत होता. मग अगदी मनापासून म्हणाला, "इसाक, त्याला म्हनावं, मी हितं येऊन करतो. दवाखान्यात. पाठीमागल्या खोलीत. कुनाला दिसनार न्हाई."

इसहाकने पट्टीची गुंडाळी कपाटात ठेवली. कपाट बंद केलं.

"सांग की," सहादेव म्हणाला.

"हे मी त्याला सांगत न्हाई," इसहाक म्हणाला.

सहादेवला आधी कळलं नाही. फाटकाबाहेर पडून भिंगारच्या वळणावर आला तेव्हा कळलं.

तो उन्हाळा वाईट गेला. विलायतेकडे एकेक देश पडत होता. आषाढाच्या तोंडावर फ्रान्स पडलं, त्या दिवशी चार नंबरच्या बराकीत टेबलांवर मुठी आपटत गाणी झाली. बातमी आली की दुसऱ्या दिवशी क्राउझेची मान आणखी ताठ व्हायची. आता जेवणाच्या टेबलांच्या याद्या तो करी, आंघोळीच्या पाळ्या तो लावी, सकाळची कवायत तो घेई. कोण कुणाशी बोललं हे त्याला संध्याकाळपर्यंत कळे. छावणीच्या मेजरसाहेबाला तो आवडायचा. त्याच्यामुळे हजेरी वेळेवर लागे, बराकी आरशासारख्या असत, भांडणं ऑफिसपर्यंत येत नसत. आतली शिस्त आतल्यांनी ठेवावी, असं मेजरसाहेबाचं म्हणणं होतं.

त्या शिस्तीत डॉक्टर सालोमोनचं ताट सगळ्यात शेवटी वाढलं जाई. मग ते टेबलावरून उठून पायरीवर आलं. एके दिवशी त्याचा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली सापडला. दाढी छातीकडे उतरू लागली, तिच्यात आमटीचे डाग दिसत. सहादेव रोज त्याच व्हरांड्यात बसे आणि इतरांच्या दाढ्या करी. म्हातारा समोरून गेला की तो वस्तरा पट्ट्यावर घासत बसे, गरज नसली तरी.

शेवटी म्हाताऱ्याने डाव्या हाताने सरकारकडे तक्रारीचा एक अर्ज लिहिला. मुंबईहून एक साहेब चौकशीला येणार असं ठरलं. दोन दिवस आधी इसहाक सहादेवच्या खोलीवर आला. आत आला नाही, गल्लीतच सायकल धरून उभा राहिला. सहादेव उंबऱ्यावर आला.

"तुला बोलावनार हाय," इसहाक म्हणाला. "आतली समदी त्या लांब्याच्या धाकातली. कोन बोलनार न्हाई. भायेरचा तू येकटाच. तुझ्या समोर त्यानं हुकूम दिला, तुझा हात धरला. तू येवढंच सांगायचं. तक्रार खरी ठरली तर म्हाताऱ्याला दुसऱ्या बराकीत हालवत्याल. तिथं त्याच्यासारखी सात-आठ मानसं हायेत."

"आन खोटी ठरली तर?"

"तर त्याच बराकीत. आन मंग त्यांना ठावं झालेलं आसंल, त्यानं अर्ज केला म्हनून."

"सांगतो की," सहादेव म्हणाला. "खरं हाय त्येच सांगायचं हाय."

दुसऱ्या दिवशी दाढी झाल्यावर क्राउझेने त्याच्या धोकटीत एक वासाच्या साबणाची वडी टाकली. नुसता हसला आणि खांद्यावर थोपटलं. सहादेवने ती वडी परत काढून दिली नाही. घरी चांगुणाने ती नाकाला लावली आणि विचारलं, कुणी दिली. त्याने सगळं सांगितलं.

चांगुणा चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, "साहेबाचं भांडान साहेबाशी. त्यांच्यात तुमी कशाला पडताय? उद्या बिल्ला काढून घेतला तर गावाला जायाचंय व्हय? तिथं कोन वाढून बसलंय?"

"मानूस म्हातारा हाय गं. हात मोडलाय त्याचा."

"आपन मोडलाय का?"

त्याने वडी कोनाड्यात ठेवली. तरी सकाळी निघताना खरं सांगायचं हे त्याचं ठरलेलं होतं. वाटेत शब्दही जुळवून झाले होते. हा साहेब आला, माझा हात धरला, म्हनला इसका नहीं. तीन वाक्यं. स्टेशनावरून आलेल्या टांग्यातून मुंबईचा साहेब उतरला तेव्हासुद्धा तीच तीन वाक्यं त्याच्या तोंडात होती.

मेजरसाहेबाच्या ऑफिसात पंखा ओढणारा बाहेर बसला होता. आत लांब टेबल. मुंबईचा साहेब घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसलेला. त्याला दुपारची गाडी गाठायची होती. मेजर त्याच्या शेजारी. एका बाजूला क्राउझे उभा, स्वच्छ, सरळ, सहादेवनेच सकाळी केलेली हनुवटी चकाकत होती. मेजरने त्याला काहीतरी विचारलं, दोघे हलकेच हसले. दुसऱ्या बाजूला बाकावर डॉक्टर सालोमोन. मळका सदरा, गळ्याखाली उतरलेली दाढी, चष्म्याची एक काच गेलेली, गुडघा आपोआप हलत होता. दुभाषी म्हणून इसहाक मध्ये उभा.

खोली कुणाच्या बाजूने आहे हे न्हाव्याला पाऊल ठेवताच कळतं. जन्मभर त्याने माणसांच्या मानेमागे उभं राहून तेवढंच ओळखलेलं असतं.

साहेबाने प्रश्न विचारला. इसहाकने तो मराठीत सांगितला. "साहेब इचारत्यात, ह्या मानसाची दाढी करायची न्हाई, आसं तुला कुनी सांगितलं का?"

तीन वाक्यं होती. सहादेवने तोंड उघडलं.

"न्हाई साहेब. कुनी न्हाई सांगितलं."

इसहाकने त्याच्याकडे पाहिलं.  मग ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

"मंग तू का करत न्हाईस, आसं इचारत्यात."

आता मागे वळायला जागा नव्हती. सहादेव म्हणाला, "त्यो बसतच न्हाई, साहेब. त्यालाच नगं आसती. लई येळा बोलावलं."

एवढं कुणी विचारलंही नव्हतं. खोटं एकदा तोंडातून निघालं की आपल्या पायांनी चालू लागतं. इसहाकने तेही सांगितलं, एक शब्द कमी न करता, एक शब्द जास्त न घालता. मुंबईच्या साहेबाने दोन ओळी लिहिल्या. एवढ्या महिन्यांत डॉक्टरला थोडंफार मराठी कळू लागलं होतं. इसहाकचं भाषांतर संपायच्या आधीच त्याचा हलणारा गुडघा थांबला होता. त्याला काही विचारलं गेलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

बाहेर आल्यावर सहादेव म्हणाला, "इसाक, तू तरी बदलून सांगायचं हुतंस."

"माझं काम दुभाष्याचं हुतं," इसहाक म्हणाला. "साक्ष तुझी हुती."

त्या दिवसापासून लिंबाखाली सहादेव एकटा जेवू लागला.

श्रावणातल्या एका सकाळी तो फाटकाशी बिल्ला दाखवत होता तेव्हा इसहाक आतून आला. तो थांबेल असं सहादेवला वाटलं नव्हतं. पण थांबला.

"शलमोनसाहेब गेला," तो म्हणाला.

"कशानं?"

"कागदावर काळीज बंद पडलं म्हनून लिवलंय."

"आन?"

"पायरीवरनं पडला म्हनत्यात. अंग मी पुसलं. दोन बरगड्या मोडल्या हुत्या." इसहाकने सायकलचं हँडल सरळ केलं. "त्याच्या धर्माचं म्हननारं कुनी नगरात घावलं न्हाई. जुन्या करारातलं मी वाचनार हाय. मराठीतनं."

दुपारी चार माणसं आणि एक गाडा एवढीच मिरवणूक कबरस्तानाकडे गेली. सहादेव त्या वेळी तीन नंबरच्या व्हरांड्यात काम करत होता. गाड्याच्या चाकांचा आवाज त्याने ऐकला.

दुसऱ्या दिवशी तो धोकटी न घेता छावणीत गेला आणि मेजरच्या ऑफिसबाहेर उभा राहिला. कारकुनाने विचारलं, काय काम. म्हणाला, साहेबांनाच सांगायचंय. तिसऱ्या दिवशी त्याला आत घेतलं. दुभाष्या म्हणून इसहाकला बोलावणं गेलं.

"साहेब, मी खोटं बोललो हुतो," सहादेव म्हणाला. "क्राउझेसाहेबानं माझा हात धरला हुता. इसका नहीं म्हनला हुता. पंधरा-वीस मानसं साक्षीला हुती."

इसहाकने सांगितलं. मेजरने चिरूट खाली ठेवला. तो रागावला नाही, उलट त्याच्या तोंडावर कंटाळा होता.

"साहेब म्हनत्यात, तवा खोटं बोललास का आता बोलतोयस, हे त्यांनी कसं वळखायचं? म्हनत्यात, खोट्या साक्षीबद्दल तुला आत टाकता येईल, पर टाकत न्हाई. मानूस मेला. चौकशी संपली. कागद मुंबईला गेले. घरी जा."

"त्यांना म्हनावं, नुसतं लिहून तरी घ्या."

इसहाकने तेही सांगितलं. मेजरने हाताने दार दाखवलं.

फाटकावर हवालदाराने बिल्ला मागून घेतला. पुढल्या आठवड्यात तीन आणि चार नंबरच्या बराकींना दुसरा न्हावी आला, भिंगारचाच कानिफनाथ, चांगुणाच्या मावसभावाचा मुलगा. त्याला सहादेवने अडवलं नाही. वर्षभराने सगळे कैदी देवळालीकडे हलवले गेले आणि बराकींत पुन्हा पलटण आली.

सहादेव भिंगारच्या बाजाराच्या कडेला पोतं टाकून बसू लागला. एक दिवस रस्ता झाडणारा एक मातंग म्हातारा दोन हात लांब उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "करशील का?" सहादेवने पोतं पुढे सरकवलं. चार माणसांनी पाहिलं. आठ दिवसांत जातीच्या पंचांचं बोलावणं आलं. वाणी आणि माळी गिऱ्हाईक तुटलं. लग्नकार्याची आवतणं बंद झाली. चांगुणा महिनाभर अबोला धरून होती. मग एके दिवशी स्वतःच त्याचे पंचे धुऊन वाळत घालताना म्हणाली, "येवढं जर करायचंच हुतं तर तवाच का न्हाई केलं?" त्याने धोकटी उचलली. ह्या नव्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या करून त्याला फार काही बरं वाटत होतं असंही नव्हतं. माणसं बसत होती, तो करत होता.

इसहाक रोज त्याच रस्त्याने सायकलवरून जायचा. एकदा सहादेवने हाक मारली, "इसाक, ये, बस."

इसहाकने सायकल थांबवली. त्याच्या गालावर सकाळचा ओरखडा होता. "माझी मी करतो," तो म्हणाला. "लहानपनापासनं करतोय." आणि निघून गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

पंचेचाळीस सालच्या वैशाखात विलायतेकडची लढाई संपली. छावणीत बँड वाजला, सोल्जरांनी रस्त्यावर टोप्या उडवल्या. त्यानंतर चार-सहा दिवसांनी इसहाक बाजाराच्या कडेला सायकलवरून उतरला. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र होतं. त्याने सायकल भिंतीला लावली आणि सहादेवच्या शेजारी पोत्यावर येऊन बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मिशनच्या वाचनालयात आलंय," तो म्हणाला. "दुसरं कुनाला दाखवावं आसं वाटलं न्हाई. त्याला वळखनारं दुसरं कोन हाय?"

त्याने घडी उघडली. सहादेवला वाचता येत नव्हतं. फोटो होता. तारेच्या कुंपणामागे माणसं उभी होती, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हाडांवर नुसतं कातडं. मागे आणखी रांगा होत्या, फोटोच्या कडेपर्यंत.

"शलमोनसाहेबाचे लोक," इसहाक म्हणाला. "ही वाचलेली."

"आन मेलेली?"

"लाखांनी म्हनत्यात. मोजायचं चालू हाय."

सहादेवने वर्तमानपत्र डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ तो एकेक चेहरा बघत होता. मग त्याचा अंगठा पहिल्या रांगेवरून हळूहळू सरकत गेला आणि फोटोच्या कडेशी थांबला.

"येवढी डोकी कुनी केली?" त्याने विचारलं.

"काय?"

"ही बघ की. समदी भादरल्यात. कात्री न्हाई, मशीन चालवलीय. येकसारखी. हे काय येका दिसाचं काम न्हाई, इसाक. कुनीतरी रोज सकाळी येऊन बसत आसंल."

इसहाकने वर्तमानपत्र आपल्याकडे घेतलं. फोटोखालचा मजकूर त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्यात त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.